व्याजदर विचारण्याआधी कागद मागा

बेळगावच्या शहापुरात मी दुकानदारांचे आणि यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहिते, त्यांची आयकराची विवरणपत्रं भरते. बी. कॉम. करताना एका सहकारी बँकेची पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन रोजची छोटी बचत, गोळा करायचे, त्यामुळे खडे बाजारापासून वडगावपर्यंतची माणसं पैसा कसा ठेवतात ते जवळून बघितलंय. आता त्याच घरांतली पोरं कॉलेजला जातात आणि येऊन विचारतात, "अक्का, कुठं जास्त व्याज मिळतं?"

मी सगळ्यांना एकच सांगते. हा पैसा कुणाच्या ताब्यात जाणार, कुठल्या कायद्याखाली राहणार आणि बुडाला तर परत कोण देणार, हे आधी विचारा. व्याज त्यानंतर. कॉलेजच्या वयात तुमच्याकडे दहा-वीस हजार असतात. त्यावर दोन टक्के जास्त मिळाले तर वर्षाला दोनशे ते चारशे रुपये होतात. मुद्दल गेलं तर एका सेमिस्टरची फी गेली.

पहिलं खातं आणि नावाचं स्पेलिंग

खातं स्वतःच्या नावावर काढा. कुठल्याही बँकेत 'बेसिक सेव्हिंग्ज' खातं मागता येतं. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि एटीएम कार्ड फुकट मिळतं. काउंटरवरच्या माणसाने दुसरं महागडं खातं पुढे केलं तरी हेच नाव घेऊन मागा. फॉर्मवर सही मराठीत केलेली चालते. मराठी शाळेत शिकलेली पोरं बँकेत उगाच इंग्रजीत सही करायला जातात आणि मग ती दरवेळी वेगळी येते. जी हाताला बसली आहे तीच करा.

आपल्या पोरांचं काम सगळ्यात जास्त अडतं ते नावावरून. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मधे, बँकेत नुसती आद्याक्षरं. ज्ञानेश्वर एका कागदावर 'डी'पासून सुरू होतो आणि दुसऱ्यावर 'जी'पासून. पत्त्यातल्या बेळगाम आणि बेळगावी या फरकाने (सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ला बदललं) सहसा काही बिघडत नाही. नावातल्या एका अक्षराने मात्र स्कॉलरशिप थांबते.

म्हणून क्रम ठरवून घ्या. मार्क्स कार्डावर जे नाव आहे ते पाया धरा. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा, पण नीट बघून, कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. मग पॅन काढा. १८ पूर्ण झाली असतील तर आयकर खात्याच्या पोर्टलवर आधारच्या आधाराने ई-पॅन फुकट मिळतं. त्यात नाव आधारवरूनच उचललं जातं, म्हणून आधी आधार. बँक सगळ्यात शेवटी.

स्कॉलरशिपचं एक गणित पोरांना कुणी समजावून सांगत नाही. कर्नाटकात एसएसपी या सरकारी स्कॉलरशिप पोर्टलवरून मंजूर झालेले पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. ते आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि अशी जोडणी एका वेळी एकाच खात्याची असते. शेवटी जे जोडलं तेच चालू. कॉलेजने एक खातं काढून दिलं, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं दुसरं निघालं, मोबाइलवर मित्राने तिसरं उघडायला लावलं, तिथे 'आधार जोडा' म्हटल्यावर तुम्ही 'हो' दाबलं. स्कॉलरशिप त्या तिसऱ्यात जाऊन पडते आणि तुम्ही कॉलेजच्या ऑफिसात हेलपाटे घालत बसता. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की दोन मिनिटांत कळतं. शेतकऱ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या रयत विद्यानिधीसाठी आई-वडिलांचा 'फ्रूट्स' क्रमांकही (शेतकरी म्हणून सरकारी नोंदणीचा) लागतो. जमिनीच्या उताऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर वारसा नोंदवायच्या कामाला घरच्यांना आजच लावा, ते एका महिन्यात होणारं काम नाही.

आणि खातं कुणाला वापरायला देऊ नका. "तुझ्या खात्यावर पैसे येतील, काढून दे, दोन हजार तुला" असं म्हणणारी माणसं कॉलेजच्या आसपास फिरतात. तो पैसा फसवणुकीचा असतो. खातं गोठतं, आणि पोलिसांच्या कागदात पहिलं नाव खातेदाराचं येतं, पैसे नेणाऱ्याचं येत नाही. असं काही घडलंच तर त्याच दिवशी १९३० या नंबरवर कळवा.

बँक, पतसंस्था, सौहार्द, मल्टिस्टेट

सीमाभागात गल्लीगल्लीत पतसंस्था आहेत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मोठ्या बँका दारात उभं करत नव्हत्या तेव्हा सुताला, म्हशीला, मुलीच्या लग्नाला यांनीच कर्ज दिलं. तिथला व्यवहार मराठीत होतो, मॅनेजर ओळखीचा असतो, आजीलाही जाऊन बसता येतं. हे सगळं खरं असलं तरी ठेव ठेवताना एक फरक डोळ्यांसमोर हवा.

बँकेतल्या ठेवीला, म्हणजे सरकारी, खासगी, ग्रामीण किंवा नागरी सहकारी बँकेतल्या ठेवीला, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२०पासून ही मर्यादा दर ठेवीदाराला दर बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. संस्था कर्नाटक सहकारी संस्था कायदा १९५९खाली असो, सौहार्द कायदा १९९७खाली असो की बहुराज्य सहकारी संस्था कायदा २००२खाली असो, विमा नाही आणि रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. मल्टिस्टेट असेल तर तिचा निबंधक दिल्लीला असतो. निपाणीच्या ठेवीदाराने तक्रार कुठे न्यायची, याचा अंदाज त्यावरून घ्या.

आमच्याच गल्लीतल्या काही घरांचे पैसे एका संस्थेत अडकले. त्यात एका मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेली ठेव होती. संचालक ओळखीचे होते, पावती होती, व्याज चांगलं होतं. पण ती पावती कुठल्या कायद्याखालची, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. त्या मुलीचं वर्ष वाया गेलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पावती हातात घेऊन छोट्या अक्षरातलं वाचायला लावते.

कसं ओळखायचं? नावात 'बँक' हा शब्द आहे का बघा, पतसंस्थेला तो लावता येत नाही. ठेव विमा आहे का हे सरळ काउंटरवर विचारा. विमा असलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावरही आहे. संस्थाच असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र आणि गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगली संस्था तो हसतमुखाने देते, वार्षिक सभेत छापून वाटते. त्यात थकीत कर्ज किती ते शोधा. ठेवीवर बँकांपेक्षा तीन-चार टक्के जास्त देणारी संस्था कर्ज किती महाग देत असेल आणि ते कोण घेत असेल, याचा विचार करा.

माझं मत स्पष्ट आहे. फीचा पैसा, परीक्षेचा पैसा, आजारपणासाठी बाजूला ठेवलेला पैसा बँकेत किंवा पोस्टात ठेवा. पुढे कमावायला लागल्यावर आपल्या भागातल्या एखाद्या चांगल्या पतसंस्थेचे सभासद जरूर व्हा. तेव्हा सभेला जा, प्रश्न विचारा. आपल्या लोकांच्या संस्था शिकलेल्या सभासदांनीच टिकतील.

भिशीचंही असंच. मैत्रिणींची पाचशेची भिशी असेल, सगळ्या समोरासमोर असतील, तर ठीक. शंभर माणसांची, अनोळखी चालकाची, व्हॉट्सअ‍ॅपवरची भिशी असेल तर चिट फंड कायदा १९८२खालचा नोंदणीचा कागद मागा. कागद नसेल तर उठून या.

बसच्या भाड्यातून सुरुवात

पिग्मी १९२८ साली उडुपीत सुरू झाली, पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेची ती योजना. रोज दोन आणे, तेही दारात येऊन. ती चालली याचं कारण गोळा करताना मी रोज बघायचे : दिवसाचा गल्ला खर्च व्हायच्या आधी पैसा बाजूला निघायचा. महिनाअखेरीला उरेल ते टाकतो म्हणणाऱ्या दुकानदाराच्या पुस्तकात काही साठलेलं मला आठवत नाही.

तुम्हाला एजंटची गरज नाही. आवर्ती ठेव काढा, म्हणजे आरडी. पोस्टात महिना १०० रुपयांपासून निघते, मुदत ५ वर्षं. ६.७ टक्के दराने महिना ५०० भरले तर पाच वर्षांत तुमचे ३०,००० जातात आणि सुमारे ३५,६८० हातात येतात. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण आरडी ज्या दराने सुरू झाली तोच शेवटपर्यंत राहतो. पाच वर्षं लांब वाटत असतील तर बँकेत वर्षाचीही निघते. स्कॉलरशिप किंवा घरून पैसे ज्या तारखेला येतात त्याच्या दुसऱ्या दिवशी हप्ता कापला जाईल असं करून घ्या.

पाचशे आणायचे कुठून? खानापूर, नंदगड, कडोली, येळ्ळूरहून बेळगावला येणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. ११ जून २०२३पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्यात साध्या बसचा प्रवास मोफत आहे. त्याआधी घरातून पासासाठी जे पैसे मिळायचे ते आता कुठे जातात? बहुतेक घरांत ते चहा-भेळ आणि मोबाइलच्या रिचार्जमध्ये विरून जातात. आईला सांगून तेवढी रक्कम चालू ठेवायला लावा आणि तीच आरडीत घाला. मुलांना ही सोय नाही. त्यांनी सुट्टीतल्या कामाच्या पैशातून, मग ते मंगल कार्यालयातलं वाढप्याचं असो की गणपतीतलं डेकोरेशनचं, निम्मे पैसे हातात पडल्या दिवशी बाजूला काढावेत.

साठवलेल्यातले निदान तीन महिन्यांच्या मेस आणि खोलीभाड्याइतके पैसे साध्या बचत खात्यात राहू द्या. ते झाल्याशिवाय पुढच्या भागाकडे वळू नका.

पुढची पायरी

पीपीएफ, म्हणजे सरकारची लांब मुदतीची बचत योजना, पोस्टात किंवा बँकेत काढता येतं. वर्षाला किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं. दर एप्रिल २०२०पासून ७.१ टक्के राहिला आहे आणि व्याज करमुक्त. विशीत उघडलं तर पस्तिशीच्या आसपास, घर-संसाराचा खर्च आ वासून उभा असताना, ते हातात येतं. वर्षाला पाचशे भरून नुसतं जिवंत ठेवलं तरी मुदत पुढे सरकत राहते. दर महिन्याला भरणार असाल तर ५ तारखेच्या आत भरा, त्या महिन्याचं व्याज ५ तारखेनंतरच्या कमीत कमी शिलकीवर धरतात.

म्युच्युअल फंडाबद्दल दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतात तो जुगार आहे, दुसरे म्हणतात पंधरा टक्के पक्के. दोघांचंही ऐकू नका. पक्कं काही नसतं. जानेवारी ते मार्च २०२०मध्ये निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता, नंतर वर आला. ज्यांना त्या मार्चमध्ये फी भरायची होती त्यांना वाट बघायला वेळ नव्हता. म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाही असाच पैसा तिथे घाला. पाचशेची एसआयपी (दर महिन्याचा ठरावीक हप्ता), साधा निफ्टी ५० इंडेक्स फंड (निफ्टीतल्याच पन्नास कंपन्यांत पैसे घालणारा), आणि 'डायरेक्ट' प्लॅन. 'रेग्युलर' प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातून जातं. डायरेक्ट प्लॅन २०१३पासून उपलब्ध आहेत, तरी ओळखीचा एजंट ते नाव सहसा घेत नाही.

ऑप्शन ट्रेडिंगच्या, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर थोड्या मुदतीचे सौदे करण्याच्या, मी ठाम विरोधात आहे. टिळकवाडीतल्या खोल्यांमध्ये पोरं लेक्चर बुडवून मोबाइलवर हे करत बसतात, फीचे पैसे घालतात, मग मित्रांकडून उसने घेतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये. दोन लाख म्हणजे आपल्याकडच्या कित्येक घरांचं वर्षाचं उत्पन्न. ट्रेडिंगचे कोर्स विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, हात जोडून सांगते.

सोनं घरच्यांना घेऊ द्या. घेतलंच तर दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) आहे का बघा आणि पक्कं बिल घ्या. ३ टक्के जीएसटी वाचवायला बिल सोडलं की उद्या मोडताना तुमच्याकडे काहीच पुरावा नसतो.

कर

"आम्हाला कुठला आलाय कर?" असं पोरं म्हणतात. कर बहुतेकांना लागत नाहीच, पण कापलेला पैसा परत घ्यायचा राहून जातो.

आर्थिक वर्ष २०२५-२६चे नियम असे. नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि सूट धरून १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पगारदाराला त्यावर ७५,०००ची प्रमाणित वजावट. शेअर-फंडाच्या नफ्याला मात्र ही १२ लाखांची सूट लागू नाही. तिथे वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के, वर्षानंतर विकलं तर १.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के. तुमचं एकूण उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर काळजी नको.

शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली स्कॉलरशिप करमुक्त आहे. काम करून मिळालेला इंटर्नशिपचा मोबदला उत्पन्नात धरा. आई-वडिलांनी दिलेल्या पैशावर कर नाही. १८ पूर्ण झाल्यावर त्या पैशावरचं व्याज तुमचं उत्पन्न होतं.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण दुधाचं बिल शेतीच्या उत्पन्नात येत नाही, ट्रॅक्टर भाड्याने दिल्याचे पैसेही नाहीत. वडिलांच्या नावावर आलेलं उसाचं बिल तुमच्या खात्यावर वळवून घेऊ नका. ते तुमचं उत्पन्न नाही, आणि पुढे कर्जासाठी किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खातेउतारा दिला की त्याचा खुलासा करत बसावं लागतं.

आता कापलेला पैसा. समजा तुम्ही बेळगावात बसून पुण्याच्या कंपनीसाठी काम केलं आणि त्यांनी वर्षात ६०,००० व्यावसायिक फी म्हणून दिले. वर्षाला ५०,०००च्या वर गेलं की ते १० टक्के, म्हणजे ६,००० रुपये कापून सरकारकडे भरतात. तुमचा कर शून्य असेल तर ते सहाच्या सहा हजार तुमचे आहेत, पण विवरणपत्र भरल्याशिवाय मिळत नाहीत. आयकराच्या पोर्टलवर २६-एएस आणि एआयएस हे तुमच्या कपातीच्या आणि व्यवहारांच्या नोंदींचे तक्ते उघडून तुमच्या पॅनवर काय कापलंय ते बघा. फीचं उत्पन्न असेल तर विवरणपत्राचा आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही, बहुतेकांचं आयटीआर-४मध्ये बसतं. बँकेचं व्याज वर्षाला ५०,०००च्या वर गेलं तर तिथेही कापतात. कर लागणार नसेल तर 'कर कापू नका' असं सांगणारा फॉर्म (२०२५-२६मध्ये १५-जी) एप्रिलमध्येच बँकेला भरून द्या.

सीमेवर राहणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. व्यवसाय कर राज्याचा असतो, आणि तो तुम्ही कुठे राहता यावर ठरत नाही, नोकरी कुठे करता यावर ठरतो. बेळगावच्या उद्यमबागेत १८,००० पगार असेल तर काही कापत नाहीत, कर्नाटकात २५,०००च्या खाली हा कर नाही. निपाणीचा तोच मुलगा कागलच्या एमआयडीसीत त्याच पगारावर लागला तर महाराष्ट्राच्या नियमाने महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाला २,५०० जातात. मुलगी असेल तर महाराष्ट्रातही २५,०००पर्यंत माफ आहे. पगारपत्रकात मुलीचे कापलेले दिसले तर एचआरला जाऊन विचारा, लाजू नका.

विवरणपत्रासाठी ३१ जुलै ही तारीख धरून चाला. परतावा येणारं बँक खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करा. भरून झालं की ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. पोरं 'सबमिट' दाबून मोकळी होतात आणि हे विसरतात. मुदतीत व्हेरिफाय केलं नाही तर ते विवरणपत्र वेळेत भरलंच नाही असं धरतात, आणि परतावा तिथेच अडकून राहतो.